मढचा बुरूज आणि आकाशातील टेहळे



गेल्या महिन्यात एका रविवारी नातवंडांच्या हट्टापायी आम्ही वेसाव्याहून मढला गेलो. रस्त्याने जायचे म्हटले तर मालाड, मार्वे असा मोठा वळसा पडतो. पण वेसाव्याच्या धक्क्यावर बोटीत बसले की काही मिनिटांत खाडी ओलांडून माणूस पलीकडे उतरतो. कोळीवाड्यातून, होड्या आणि जाळ्यांच्या कडेने चालत आम्ही किल्ल्यापर्यंत पोहोचलो. तेथे मात्र पाय थांबले. मढचा किल्ला भारतीय हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि परवानगीवाचून आत प्रवेश मिळत नाही. धाकटा नातू रुसला. बाहेरून तटाकडे पाहत त्याने विचारले, "आजोबा, येथे विमान तर उतरतच नाही. मग हवाई दलाला किल्ला कशाला?"

या प्रश्नाचे नेमके उत्तर माझ्यापाशी नव्हते. तथापि त्याला एवढे सांगितले की हा किल्ला मुळात लढण्यापेक्षा पाहण्यासाठी बांधलेला. पोर्तुगीजांनी तो उभारला तो खाडीच्या मुखावर आणि समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, १७७४ साली इंग्रजांनी. मालक बदलले, बुरुजाचे काम तेच राहिले : दूरवर पाहावे आणि दिसेल ते सांगावे. हवाई दलातही असे काम करणारी माणसे असतात. ती विमानातून बाँब टाकीत नाहीत, गोळी झाडीत नाहीत. फक्त छायाचित्रे घेऊन परत येतात.

"म्हणजे त्यांच्याकडे बंदूकही नसते?" नातवाने डोळे मोठे करून विचारले.

नसते. त्या माणसांविषयीच आज लिहावयाचे आहे. कारण त्यांची कथा ऐकताना मला आमच्या पेढीवरचे जुने मुनीमजी वारंवार आठवत राहिले.

प्रथम हे काम कसे चालत असे, ते पाहू. भारतीय हवाई दलात १९५७ साली 'कॅनबेरा' नावाची ब्रिटिश बनावटीची दोन इंजिनांची जेट विमाने आली आणि २००७ साली ती आग्रा येथे निवृत्त झाली; म्हणजे पुरी पन्नास वर्षे त्यांनी सेवा केली. त्यांतील काही विमाने बाँबफेकीची होती. छायाचित्रणासाठी घेतलेली विमाने मात्र निराळी होती. त्यांच्या पोटात बाँबऐवजी मोठमोठे कॅमेरे आणि फिल्मची रिळे बसविलेली असत. हे विमान सुमारे ४८,००० फुटांपर्यंत चढू शकत असे. आत दोनच माणसे : वैमानिक आणि दिशादर्शक, ज्याला हवाई दलात नॅव्हिगेटर म्हणतात. छायाचित्रे घेण्याची वेळ आली की दिशादर्शक पुढे सरकून विमानाच्या नाकाशी, काचेतून खाली पाहत पालथा पडून राही आणि वैमानिकास किंचित डावे, किंचित उजवे, असे सांगत राही.

छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून विमान एका सरळ रेषेत, एकाच उंचीवर आणि एकाच वेगाने न्यावे लागते. खालून तोफ डागली गेली, वरून शत्रूचे विमान आले, तरी रेषा मोडावयाची नाही. मोडली तर तेवढा पट्टा कोरा राहतो. एका छायाचित्रातील सुमारे साठ टक्के भाग पुढच्या छायाचित्रात पुन्हा येईल, अशा बेताने कॅमेरा चालत असतो. कारण एकच जागा दोन ठिकाणांहून घेतली गेली की ती दोन चित्रे शेजारी ठेवून खास भिंगाखाली पाहता येतात, आणि मग सपाट कागदावर उंची-खोली उभी राहते. उतरल्याबरोबर फिल्म धुतली जाते व जाणकार माणसे तिच्यावर वाकून बसतात. सावलीच्या लांबीवरून इमारतीची उंची, मातीवरच्या चाकोऱ्यांवरून गाड्यांची वर्दळ, नव्याने उकरलेल्या जमिनीच्या फिकट रंगावरून खंदक, असे ती वाचीत जातात. मोडी वाचता येणारा जुना माणूस पाहता पाहता पान उलगडतो, तसेच हे वाचन असते.

या कामासाठी हवाई दलाने १०६ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभारले. त्याचा मुक्काम बहुतांश काळ आग्रा येथे होता. हे काम किती जोखमीचे होते, याची जाणीव आरंभीच झाली. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता आणि त्यांचे दिशादर्शक फ्लाइट लेफ्टनंट रामपाल यांचे कॅनबेरा विमान पाकिस्तानच्या लढाऊ विमानाने रावळपिंडीच्या बाजूस पाडले. दोघेही हवाई छत्रीने उतरले, पकडले गेले आणि पुढे मायदेशी परतले. त्या वेळी दोन देशांत युद्ध चालू नव्हते. टेहळ्याला शांततेच्या काळातही युद्धच असते, ते असे.

आता या पथकातील एका माणसाकडे वळू. विंग कमांडर जगमोहन नाथ यांचा जन्म १९३० साली, आज पाकिस्तानात असलेल्या लय्या येथे झाला. फाळणीने जे असंख्य तरुण आपल्या गावाला मुकले, त्यांपैकी ते एक. हवाई दलात त्यांनी नाव काढले ते याच निःशस्त्र विमानावर. १९६० ते १९६२ या काळात ते लडाख, अक्साई चीन आणि तिबेटच्या दिशेने पुन्हा पुन्हा गेले. तो प्रदेश डोळ्यांपुढे आणावा : जमीनच मुळी पंधरा-सोळा हजार फूट उंच, त्यावर हिमशिखरे, हवामानाचा भरवसा नाही, विश्वासार्ह नकाशे नाहीत, आणि उपग्रहावरून वाट सांगणारे यंत्र तर त्या काळी कोणाकडेच नव्हते. इंजिन बंद पडले तर उतरावयास जागा नाही आणि सुटकेस येणारे कोणी नाही. अशा ठिकाणी जाऊन नाथ आणि त्यांचे सहकारी छायाचित्रे घेऊन येत असत. चीनने अक्साई चीनमधून रस्ता नेला असून तो पुरा झाल्याचे १९५७ सालीच जाहीर झाले होते. त्या रस्त्याच्या आधारे तेथे किती फौज आणि किती ठाणी उभी राहत आहेत, ते या फिल्मवर उमटत होते.

ही छायाचित्रे दिल्लीला जात. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला, महिन्याभरात आपली मोठी हानी झाली आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. त्या सबंध युद्धात आपल्या हवाई दलाने रसद पोहोचविली, जखमी आणले, पण हल्ल्यासाठी त्याचा उपयोग केला गेला नाही. आपण हवाई हल्ले केले तर चीन कोलकात्यासारख्या शहरांवर बाँब टाकील, अशी भीती दिल्लीत होती, आणि अमेरिकेचे तत्कालीन राजदूत गॅलब्रेथ यांचाही सल्ला हवाई दल न वापरण्याचाच होता.

नाथ यांनी उतारवयातील मुलाखतींमधून आपले मत स्पष्ट मांडले. तिबेटात त्या काळी चीनचे लढाऊ हवाई दल जवळजवळ नव्हतेच, हे आम्ही स्वतः पाहून आलो होतो. आपले हवाई दल वापरले असते तर निकाल वेगळा लागला असता, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे संपूर्ण खरे की नाही, यावर जाणकारांत मतभेद असू शकतात. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांच्यापुढे शहरांच्या रक्षणाचीही चिंता होती, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्या माणसाने प्राण पणाला लावून पाहिले, त्याच्या पाहण्याला निर्णयाच्या वेळी पुरेसे वजन मिळाले नाही, ही खंत त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही.

त्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. १९६५ च्या युद्धात ते १०६ स्क्वाड्रनचे प्रमुख होते. त्या वेळी भर दिवसा, सोबतीला लढाऊ विमान न घेता, ते पाकिस्तानच्या मुलखात खोलवर जाऊन तेथील विमानतळ आणि लष्करी ठिकाणे टिपून आले. त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र देण्यात आले. हा सन्मान दोनदा मिळविणारे केवळ सहा वीर झाले आहेत. आपल्या महाराष्ट्राचे जनरल अरुणकुमार वैद्य हे त्यांपैकीच एक. हवाई दल सोडल्यावर नाथ यांनी एअर इंडियात वैमानिक म्हणून काम केले आणि ते मुंबईचेच झाले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. आपल्या या शहरात इतकी वर्षे असा माणूस राहत होता, आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होते?

या स्क्वाड्रनशी आणखी एक नाव जोडलेले आहे, तेही आपल्या किनारपट्टीच्या जवळचे : रमेश सखाराम बेनेगल. बेनेगल हे चित्रापूर सारस्वत आडनाव. त्यांचा जन्म रंगूनचा. दुसऱ्या महायुद्धात कोवळ्या वयात ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद चळवळीत ओढले गेले, आणि नेताजींनी लष्करी शिक्षणासाठी जपानला पाठविलेल्या मुलांमध्ये त्यांची निवड झाली. युद्ध संपले, ते भारतात आले आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलात दाखल झाले. १९७१ च्या युद्धात १०६ स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. शत्रूच्या प्रदेशात खोलवर, विनाशस्त्र आणि विनासोबत अशी अनेक उड्डाणे त्यांनी केली, आणि त्यांनी आणलेल्या माहितीचा उपयोग तिन्ही दलांना झाला. त्यांनाही महावीर चक्र मिळाले. ३ डिसेंबरला सुरू झालेले ते युद्ध १६ डिसेंबर रोजी ढाक्यातील शरणागतीने संपले. त्यांच्या आठवणींचे 'बर्मा टू जपान विथ आझाद हिंद' हे इंग्रजी पुस्तक आहे. पण त्यात हकीकत आहे ती १९४१ ते १९४५ या कोवळ्या वयातील दिवसांची.

१९६२ आणि १९७१ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत, जशी टेहळणीची दोन छायाचित्रे भिंगाखाली ठेवतात. विमान तेच, कॅमेरे तेच, माणसांचे धैर्यही तेच. पहिल्या वेळी पाहिलेले निर्णयापर्यंत पुरतेपणी पोहोचले नाही. दुसऱ्या वेळी आखणीच त्या पाहण्यावर उभी राहिली. दोन्ही युद्धांच्या निकालाला इतरही पुष्कळ कारणे होती. तरी हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

जगातही असेच घडलेले दिसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातील कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या तरुणीने जर्मनीतील पेनेम्युंडे येथील छायाचित्रात उतरत्या फळीवर ठेवलेला एक अगदी बारीक आकार ओळखला. तो वैमानिकाविना उडणारा बाँब निघाला. तिचे ऐकले गेले आणि लंडनच्या बचावाची तयारी करता आली. उलट सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील आर्नहेमवर हवाई छत्रीधारी सैन्य उतरविण्याआधी ब्रायन अर्कहार्ट या अधिकाऱ्याने तेथे जर्मन रणगाडे असल्याची छायाचित्रे वरिष्ठांपुढे ठेवली. मोहीम ठरलेली होती. ती थांबली नाही. अर्कहार्ट यांनाच प्रकृतीच्या कारणावरून रजेवर पाठविण्यात आले. आर्नहेमला त्या सैन्याची जबर हानी झाली. आपल्याकडेही त्याच वर्षी आराकानच्या जंगलात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाचे ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन टेहळणी करीत होते. जमिनीवरच्या सैन्याने त्याच्यावर एवढा भरवसा टाकला की त्याला 'चौदाव्या सैन्याचे डोळे' हे नाव पडले.

येथे एक प्रश्न आपल्या मनात उठल्यावाचून राहणार नाही, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. विमान निःशस्त्र होते म्हणून हे काम अहिंसेचे झाले काय? तसे म्हणता येणार नाही. ज्या छायाचित्रात तोफ दिसली, त्याच छायाचित्रावरून पुढे दुसरे विमान बाँब घेऊन जाते. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार करावयास आपल्याला शिकविलेले आहे. त्या कसोटीवर टेहळ्याचे हात कोरे राहत नाहीत. पण त्याच कसोटीवर आपलेही राहत नाहीत, कारण ज्या सीमेच्या आत आपण निर्धास्त व्यापार करतो, ती राखणाऱ्यांचे काम आपल्या वतीनेही चाललेले असते. म्हणून या माणसांना उगाच साधू ठरवू नये आणि स्वतःला उगाच अलिप्तही मानू नये. एवढे मात्र खरे की स्वतःच्या बचावाचे साधन हाती नसताना, केवळ खरे काय आहे ते पाहण्यासाठी, जेथे मरण आहे तेथे जाणे याला असामान्य मनोनिग्रह लागतो. २१ मे १९९९ रोजी कारगिलच्या वेळी याच स्क्वाड्रनच्या कॅनबेरावर क्षेपणास्त्र आदळले आणि उजवे इंजिन निकामी झाले. स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि त्यांचे दिशादर्शक झा यांनी ते विमान एका इंजिनावर श्रीनगरला सुखरूप उतरविले. चाळीस वर्षांत यंत्रे बदलली, धोका बदलला नाही.

आता मुनीमजींविषयी. माझ्या आजोबांची धान्याची पेढी होती. मुनीमजी रोजमेळ लिहीत आणि दर पंधरवड्याला खतावणी उतरवीत. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे उधारी वाढत चालली होती. जुना घरोबा, लग्नकार्यात जाणे-येणे. मुनीमजींनी एकदा खतावणी आजोबांपुढे ठेवली, त्या खात्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "शेठजी, हे येणे आता येईलसे दिसत नाही." आजोबांनी वही मिटली. पुढच्या पंधरवड्याला मुनीमजींनी ती पुन्हा उघडली. आजोबा रागावले, माणसांवर विश्वास नसेल तर धंदा कशाला करावा, असे बोलले. मुनीमजी गप्प झाले, पण दर पंधरवड्याला ते पान उघडून ठेवण्याचे त्यांनी सोडले नाही. दोन वर्षांनी ते गिऱ्हाईक बुडाले आणि आमचे एक गोदाम विकावे लागले. त्या दिवशी आजोबांनी मुनीमजींना घरी बोलावून माझ्या आजीसमोर म्हटले, "तुम्ही पाहिले होते. मी पाहिले नाही." एवढेच. पण त्यानंतर आमच्या घरात वाईट बातमी आणणाऱ्या माणसावर कोणी आवाज चढविला नाही. तो नियम माझ्या वडिलांनी पाळला. मी पाळण्याचा प्रयत्न करतो आणि पुष्कळदा चुकतो.

आपण दिवाळीला वहीपूजन करतो. नव्या वहीवर स्वस्तिक काढतो, लाभ-शुभ लिहितो. जुन्या वहीकडे मात्र तितक्या निश्चल डोळ्यांनी पाहतो काय? कोणते येणे बुडीत आहे, कोणती शाखा केवळ प्रतिष्ठेसाठी चालली आहे, घरातील कोणता मुलगा दुकानात बसतो पण त्याचे मन दुसरीकडे आहे, कोणती सून हसते पण आतून खचली आहे, हे सांगणारे कोणी ना कोणी घरात असतेच. कधी तो जुना नोकर असतो, कधी मुलगी, कधी तरुण हिशेबनीस. त्याला सांगावयास धैर्य लागते. ऐकणाऱ्याला त्याहून अधिक लागते; कारण सांगणाऱ्याची रेषा एकदा उडून संपते, ऐकणाऱ्याला मात्र आपला ठरलेला बेत मोडावा लागतो. प्रतिक्रमणाच्या वेळी आपण आपले दोष स्वतः पाहण्याचा अभ्यास करतो. तोच अभ्यास पेढीवर आणि घरात, दुसऱ्याने दाखविलेल्या दोषांबाबतही चालू ठेवता आला, तर किती बरे होईल.

परतीच्या बोटीत नातू माझ्या शेजारी बसून मागे सरणाऱ्या किल्ल्याकडे पाहत होता. त्याने पुन्हा विचारले, "त्या विमानवाल्यांनी आणलेले फोटो खोटे आहेत असे कोणी म्हटले तर ते काय करायचे?"

मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही माझे प्रगतिपुस्तक अजून पाहिले नाही. गणितात कमी आहेत. मी परवा आणले होते, पण तुम्ही कामात होता." वेसाव्याचा धक्का जवळ आला होता. घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी ते पुस्तक उघडावयाचे, असे मी त्याला कबूल केले. आणि या वेळी ते पाळले.